दिल्ली केव्हा पडली? : लंडनमध्ये वाचलेले सत्तावन

७ ऑक्टोबर १८५७ हा दिवस इंग्लंडमध्ये राष्ट्रीय उपवासाचा आणि प्रार्थनेचा दिवस म्हणून पाळला गेला. हिंदुस्थानातील उठाव शमावा म्हणून गावोगावच्या चर्चमध्ये प्रवचने झाली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये चार्ल्स स्पर्जन ह्या लोकप्रिय धर्मोपदेशकाला ऐकण्यासाठी २३,००० हून अधिक माणसे जमली होती. दिल्ली पुन्हा हाती येते की नाही, ही धाकधूक त्या दिवशी सर्वांच्या मनात होती. वस्तुतः दिल्लीवरचा अखेरचा हल्ला १४ सप्टेंबरला सुरू झाला होता आणि २१ सप्टेंबरपर्यंत सारे शहर इंग्रजांच्या ताब्यात जाऊन बहादूरशहा कैदही झाला होता. जे घडावे म्हणून लंडन गुडघे टेकून बसले होते, ते घडून दोन आठवडे उलटले होते. आणि ते कळायला अजून बरेच दिवस लागणार होते.

सत्तावनच्या इतिहासात ह्या प्रसंगाला फारसे महत्त्व नाही. परंतु दूरदेशी बसून चालू युद्ध वाचणे म्हणजे काय, हे समजून घ्यायचे असेल तर त्याच्याइतके चांगले उदाहरण आम्हाला दुसरे सुचत नाही. असा वाचक जे युद्ध वाचत असतो ते संपलेले असू शकते, आणि जे खरोखर चालू असते ते त्याच्यापर्यंत पोचलेलेच नसते.

बातमीचा मार्ग आधी पाहू. १८५७ साली हिंदुस्थानात तारायंत्र होते, युरोपातही होते. दोहोंना जोडणारी तार मात्र नव्हती. इराणच्या आखातातून ती आली १८६४-६५ मध्ये, आणि मुंबईपर्यंत समुद्राखालची तार पोचली १८७० मध्ये. तोवर मुंबईची डाक आगबोटीने सुएझला, तेथून इजिप्तमधून अलेक्झांड्रियाला आणि पुन्हा आगबोटीने युरोपच्या किनाऱ्याला जाई. ट्रिएस्टसारख्या बंदरात पोचल्यावर बातमीचा सारांश तारेने लंडनला पुढे धाडला जाई. सविस्तर पत्रे आणि वर्तमानपत्रे मागाहून, काही दिवसांनी. म्हणजे आधी येई दोन-चार ओळींचा निष्कर्ष, आणि त्याचा पुरावा नंतर. १० मेला मेरठमध्ये उठाव झाला, ११ मेला शिपाई दिल्लीत शिरले; लंडनला हे कळले ते जूनच्या अखेरीस. पुढची डाक येईपर्यंतच्या रिकाम्या दिवसांत वर्तमानपत्रांचे रकाने खासगी पत्रांनी, निवृत्त अधिकाऱ्यांच्या अंदाजांनी आणि अफवांनी भरत.

ह्याच रकान्यांवर डोळे लावून बसलेल्या वाचकांत कार्ल मार्क्स हा एक होता. ब्रिटिश म्युझियमचे नवे गोलाकार वाचनालय त्याच वर्षीच्या मे महिन्यात उघडले होते. ‘न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून’साठी त्याने लिहिलेला उठावावरचा पहिला लेख १५ जुलै १८५७ला छापला गेला. युद्धविषयक लेखनाची जबाबदारी एरवी त्याचा मित्र फ्रेडरिक एंगल्स ह्याच्याकडे असे. परंतु त्या उन्हाळ्यात एंगल्स आजारी होता आणि हवापालटासाठी समुद्रकाठी राहत होता. त्यामुळे वेढे, कुमक, तोफा ह्यांचा हिशेबही मार्क्सलाच मांडावा लागला.

तो कसा मांडला, हे साहित्याच्या विद्यार्थ्यानेही पाहण्यासारखे आहे. दिल्ली पडल्याची एक खोटी बातमी त्या उन्हाळ्यात लंडनमध्ये इतकी पसरली की तिचा परिणाम शेअर बाजारातील व्यवहारांवरही झाला. ऑगस्टमध्ये लिहिलेल्या लेखात मार्क्सने ती उकलून दाखवली. मद्रासच्या पत्रांनी ती आग्र्याहून आलेल्या खासगी पत्रांच्या आधारे दिली होती. पण लाहोरहून निघालेल्या सरकारी सूचनेशी त्या पत्रांच्या तारखा ताडून पाहिल्या की अफवा आपोआप कोसळत होती. क्रिमियाच्या युद्धात सेव्हास्तोपोल पडल्याची अशीच आवई उठली होती, ह्याची आठवणही त्याने वाचकांना दिली. त्याच्याजवळ गुप्त माहिती कोणतीही नव्हती. इतरांच्या टेबलावर होती तीच वर्तमानपत्रे त्याच्याही टेबलावर होती. त्याने फक्त कोणी, कोठून आणि कोणत्या तारखेला लिहिले, एवढेच विचारले. पाठचिकित्सा करणारा अभ्यासक हस्तलिखिताला विचारतो तेच हे प्रश्न होत.

सप्टेंबरमध्ये शिपायांच्या क्रौर्याच्या कहाण्यांना ऊत आला तेव्हाही त्याने हीच कसोटी लावली. दिल्लीतील अत्याचारांचे अंगावर काटा आणणारे वर्णन करणारा एक पाद्री प्रत्यक्षात बंगळुरात, म्हणजे हजार मैलांहून अधिक अंतरावर राहत होता, हे त्याने निदर्शनास आणले. अत्याचार झालेच नाहीत, असे त्याने म्हटले नाही. साक्षीदार कोठे उभा होता, एवढे विचारल्याशिवाय साक्ष घेऊ नये, असा त्याचा आग्रह होता.

परंतु हाच मार्क्स दिल्लीच्या बाबतीत चुकला. पावसाळा पुरता सुरू झाला की इंग्रजांना वेढा उठवून माघार घ्यावी लागेल, असा त्याचा अंदाज होता. १५ ऑगस्टच्या पत्रात त्याने एंगल्सला मोकळेपणाने कळवले, की आपण तोंडघशी पडण्याचा संभव आहे. मात्र विधानाची रचनाच अशी केली आहे की निकाल कोणताही लागला तरी थोड्याशा द्वंद्ववादाच्या आधाराने निसटता येईल. मार्क्सच्या विरोधकांनी ह्या कबुलीचा पुष्कळ उपयोग केला आहे. आम्हाला ती वेगळ्या कारणाने मोलाची वाटते. जे छापील लेखात म्हणता येत नाही, ते खासगी पत्रात म्हटले आहे : मला ठाऊक नाही. दूरच्या युद्धावर नेमाने लिहिणाऱ्या प्रत्येकापुढे हा पेच असतो. रकाना भरायचा असतो, वाचकाला निकाल हवा असतो आणि हाती असते ती सहा आठवड्यांपूर्वीची स्थिती.

ही चूक आणि त्याच काळातील त्याची इतर विधाने शेजारी ठेवली की एक गोष्ट लक्षात येते. ज्याला लोक शिपायांचे बंड समजत आहेत ते वस्तुतः राष्ट्रीय बंड आहे, हे त्याने त्याच उन्हाळ्यात लिहिले. पार्लमेंटमध्ये डिझरायलीनेही २७ जुलैच्या भाषणात हाच प्रश्न उभा केला होता. मद्रास इलाख्यात महसूल वसुलीसाठी रयतेचा छळ होत असे, हे मार्क्सने सरकारच्याच अहवालांतून काढून दाखवले. ही विधाने पुढच्या डाकेवर अवलंबून नव्हती, म्हणून ती टिकली. जे विधान कालच्या बातमीवर उभे होते, ते उद्याच्या बातमीने पाडले. दूरच्या वाचकाला युद्धाची कारणे कदाचित जवळच्यापेक्षा अधिक स्पष्ट दिसतील. युद्धाचा आजचा दिवस त्याला दिसत नाही.

सरकारचीही गत निराळी नव्हती. लखनौच्या रेसिडेन्सीपर्यंत मदत घेऊन पोचलेला जनरल हॅवलॉक २४ नोव्हेंबर १८५७ला लखनौतच आजाराने वारला. त्याला बॅरोनेट करणारी सनद लंडनमध्ये २६ नोव्हेंबरला निघाली. राणीच्या सरकारने दोन दिवसांपूर्वी मेलेल्या माणसाला किताब दिला, आणि त्याच्या मृत्यूची वार्ता पोचेपर्यंत जानेवारी उजाडला.

मार्क्स-एंगल्सचे हे लेख १९५९ साली मॉस्कोहून पुस्तकरूपाने निघाले तेव्हा त्यांना ‘हिंदुस्थानचे पहिले स्वातंत्र्ययुद्ध’ ह्या अर्थाचे शीर्षक देण्यात आले. ते संपादकांनी दिलेले होते. शंभर वर्षांनंतरची निश्चिती त्यामुळे मुखपृष्ठावर आली आणि आतली धाकधूक झाकली गेली. मग आपण ह्या लेखांत एक तर भविष्यवाणी शोधतो किंवा घोडचुका. वास्तविक ती एका दूरस्थ वाचकाची रोजनिशी आहे.

ह्या रोजनिशीशेजारी आम्हाला नेहमी ‘माझा प्रवास’ ठेवावासा वाटतो. वरसईचे विष्णुभट गोडसे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवावी म्हणून काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि सत्तावनच्या वणव्यात सापडले. मार्च-एप्रिल १८५८ मध्ये झाशीला वेढा पडला तेव्हा ते तटाच्या आत होते. लंडनच्या वाचकाला न दिसलेले सगळे त्यांना दिसले : पाण्याचे हाल, गल्लीतली प्रेते, आधी सोने-चांदी, मग भांडी, मग कपडे आणि धान्य अशी क्रमाक्रमाने झालेली लूट. परंतु गंमत अशी, की तटाच्या आतला माणूसही बातमीचीच वाट पाहत होता. तात्या टोप्यांची फौज मदतीला येत होती. १ एप्रिलला बेतवेच्या काठी तिचा पराभव झाला. शहरातल्या माणसाला काही मैलांवरची ही लढाईसुद्धा तोफांच्या आवाजावरून आणि ऐकीव वार्तांवरूनच वाचावी लागत होती. शिवाय विष्णुभटांनी हे सारे लिहिले ते पाव शतकानंतर, आणि छापले गेले १९०७ साली, चिंतामणराव वैद्यांच्या हातून संस्कारित होऊन. डोळ्यांनी पाहिलेले युद्धदेखील आपल्यापर्यंत उशिरानेच पोचले.

म्हणून सत्तावनवरील कोणताही मजकूर वर्गात वाचायला घेतला की आम्ही आधी फळ्यावर दोन रकाने आखतो : घटना घडली तो दिवस, आणि लिहिणाऱ्याला ती कळली तो दिवस. मग विद्यार्थी आपणहून विचारू लागतात, की ७ ऑक्टोबरला प्रार्थना करणारी ती माणसे मूर्ख होती का? नव्हती. त्यांचा दुसरा रकाना तेवढा रिकामा होता. आज बातमी क्षणात येते आणि दोन्ही रकान्यांत एकच तारीख पडते. परंतु बंगळुरातला पाद्री आजही लिहीत असतोच. त्याला ओळखायचे तर तो कोठे उभा आहे, हे विचारावे लागते. ते काम दीडशे वर्षांपूर्वी जितके होते तितकेच आजही वाचकाच्याच अंगावर आहे.