साइड क्वेस्ट आणि पंढरपूरची तुळई

साइड क्वेस्ट म्हणजे काय, हे माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात: राज्य बुडायला आलेलं असतं, राक्षस वेशीवर पोचलेला असतो, आणि आपण मात्र कुठल्याशा म्हातारीची हरवलेली कोंबडी शोधत रानोमाळ फिरत असतो. कोंबडी नाही सापडली तरी गेम संपतो. सक्ती काहीच नाही. आणि सक्ती नसते म्हणूनच ते काम आपण हपिसातल्या कुठल्याही कामापेक्षा जास्त मन लावून करतो :-)

गेले दोन विकांत मी असेच घालवले. गेम तसा जुना आहे: 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी', २०१७ सालचा, नॉटी डॉग कंपनीचा. काटेकोर बोलायचं तर हा रोल प्लेइंग गेम नाही. पण त्याच्या चौथ्या प्रकरणात त्यांनी त्या प्रकारातली एक अस्सल चीज उचलली आहे. प्रकरणाचं नाव 'द वेस्टर्न घाट्स', म्हणजे आपला सह्याद्री! दर रविवारी सिंहगड चढून वर पिठलं-भाकरी चापणाऱ्या पुणेकराला कॅलिफोर्नियातल्या मंडळींनी सह्याद्री फिरवून आणावा, यात गंमत आहेच.

मुख्य कथा अशी की क्लोई आणि नॅडीन या दोघी होयसळ राजांच्या खजिन्यातला गणपतीचा तुटलेला दात शोधायला निघाल्या आहेत. बाकीचा गेम बोट धरून नेल्यासारखा सरळ जातो. इथे मात्र एकदम एक विस्तीर्ण खोरं उघडतं. जीप घ्या आणि हवं तिकडे जा. मुख्य कथेसाठी तीन प्राचीन गढ्या गाठल्या की झालं. पण खोऱ्यात इकडेतिकडे होयसळांचे अकरा शिक्केही लपवलेले आहेत. कुठे धबधब्याच्या आडून चढायचं, कुठे कोडं सोडवायचं, कुठे बंदूकधाऱ्यांशी दोन हात करायचे. अकरा जमले की राणीचं माणिक मिळतं. ते घातलं की खजिना जवळ असल्याची सूचना मिळते. नाही जमवले तरी कथेचं काही अडत नाही.

अकराच्या अकरा जमवले. पण सातव्या-आठव्या शिक्क्याच्या आसपास डोक्यात एक किडा वळवळायला लागला: होयसळ सह्याद्रीत कुठून आले?

आपल्या डोक्यात होयसळ म्हणजे बेलूर-हळेबीड. बेलूरचं चेन्नकेशव मंदिर १११७ सालचं, विष्णुवर्धन राजाने बांधवलेलं. हळेबीड म्हणजे त्यांची राजधानी दोरसमुद्र. सप्टेंबर २०२३ मध्ये बेलूर, हळेबीड आणि सोमनाथपूरची मंदिरं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. गेममध्ये दिसतात तसले डोंगराएवढे पुतळे होयसळांनी कधीच घडवले नाहीत. त्यांची मंदिरं बेताच्या उंचीची, चांदणीच्या आकाराच्या जोत्यावर उभी. सगळी करामत नक्षीत. त्यांचा दगड मऊ, सोनाराने दागिना घडवावा तसा कोरता येणारा. आपला सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट असले लाड करून घेत नाही. आणखी एक गोष्ट मला फार आवडली. होयसळांचे शिल्पकार आपल्या कामाखाली स्वतःचं नाव कोरून ठेवत. दासोज, चावण, मल्लितम्म अशी नावं आजही वाचता येतात. नऊशे वर्षांपूर्वीचं 'गिट ब्लेम'च म्हणा ना!

पण सह्याद्रीची गोष्ट? तिथे गेमवाल्यांचा नेम बरोबर बसला आहे. होयसळांचं मूळ गाव अंगडी, जुनं नाव सोसेवूर. आजच्या चिक्कमगळुरू जिल्ह्यात, मुडिगेरे तालुक्यात, ऐन घाटमाथ्यावरच्या मलनाडात. तिथले ते डोंगरी नायक. पुढे मोठे राजे झाले, तरी 'मलेपरोळगंड', म्हणजे डोंगरी नायकांमधला वीर, ही पदवी ते अभिमानाने मिरवत राहिले. म्हणजे बघा, सह्याद्रीतून उठून राज्य उभं करणारे म्हटलं की आपल्याला सतरावं शतक आठवतं. याच डोंगररांगेच्या दक्षिणेकडच्या भागातून हाच प्रकार सहाशे वर्षं आधी एकदा होऊन गेला होता.

आता मुख्य कथेकडे येऊ. शाळेच्या इतिहासात मुख्य कथा एकच असते: कोण कोणाशी लढलं, कोण जिंकलं, आणि खाली सनावळी. आपल्या कथेतले नायक देवगिरीचे यादव. त्यात होयसळ येतात ते फक्त शत्रू म्हणून, तेही एखाद्या ओळीत. कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता खिळखिळी झाली, तेव्हा त्यांचे हे दोन जुने मांडलिक त्या वारशासाठी भिडले. ११९० च्या सुमारास आजच्या गदगजवळ सोरटूरला लढाई झाली आणि देवगिरी वसवणाऱ्या पाचव्या भिल्लमाला दुसऱ्या बल्लाळाने हरवलं. पुढे भिल्लमाचा नातू सिंघण याने त्याची सव्याज परतफेड केली. गंमत म्हणजे दोघंही स्वतःला यदुवंशी आणि द्वारावतीचे स्वामी म्हणवत. म्हणजे कागदोपत्री ही भाऊबंदकीच झाली.

शेवटही भाऊबंदकीला शोभेलसाच. १३११ साली मलिक काफूर दोरसमुद्रावर चालून गेला, तेव्हा त्याला रसद पुरवली देवगिरीच्या रामदेवरायाने. तिसऱ्या बल्लाळाने यादवांच्या मुलखाला उपद्रव दिलेला होता, त्याचा वचपा. आणि फौजेला वाट दाखवणारा यादवांचा सरदार कोण? परशुरामदेव! अमीर खुस्रौ त्याला 'पारसदेव दळवी' म्हणतो. गेमची सगळी कथा ज्या पुराणकथेवर उभी आहे, तिच्यात शंकराच्या दारावर पहारा देणाऱ्या गणपतीचा दात परशुरामच तोडतो. इतिहासातही होयसळांच्या दारावर घाव पडला, त्याची वाट एका परशुरामानेच दाखवली. हा योगायोग गेम लिहिणाऱ्यांना माहीत होता की नाही कोण जाणे. असो. शेजाऱ्याचं घर जळताना पाहणाऱ्या यादवांचं राज्यही त्यानंतर दहा वर्षं टिकलं नाही.

मुख्य कथा इथे संपते. दोन्ही राजवंश गेले, खेळ खल्लास. पण साइड क्वेस्ट अजून बाकी आहे, आणि ती आहे पंढरपुरात.

विठ्ठल मंदिराच्या सोळखांबी मंडपात एका तुळईवर शिलालेख आहे. शके ११५९, म्हणजे इ.स. १२३७. भाषा संस्कृत आणि कन्नड. दान देणारा राजा, होयसळ सोमेश्वर! भीमरथीच्या काठच्या 'पंडरगे' गावातल्या विठ्ठलाला त्याने एक गाव दान दिल्याची ही नोंद आहे. तारीख पुन्हा बघा. त्या वेळी देवगिरीच्या गादीवर सिंघण आहे. ज्यांच्याशी पिढीजात वैर, त्या यादवांच्या काळात होयसळ राजा भीमेकाठच्या देवाला गाव देतो. तो स्वारीवर आला असेल नाहीतर यात्रेला. दगडावर उरलं ते दान.

याच देवळात चौऱ्यांशीचा लेखही आहे, शके ११९५ ते ११९९ मधला. पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो म्हणून भाविक ज्या शिळेवर पाठ घासत, तीच ही. तो लेख मराठीत आहे. विठ्ठलाला देणग्या देणाऱ्यांची ती यादी. तिच्यात रामदेवराय यादव आहे आणि हेमाद्री पंडितही आहे. म्हणजे होयसळाचं दान आणि त्यानंतर जेमतेम चाळीस वर्षांनी यादवाचं दान, एक कन्नडमध्ये आणि एक मराठीत, पण देऊळ एकच. ज्ञानेश्वरी याच रामदेवरायाच्या काळातली, १२९० ची. संतांनी विठ्ठलाला 'कानडा' म्हटलं, तेव्हा ते काही कोडं घालत नव्हते. समोर दिसत होतं तेच सांगत होते.

हा धागा ज्यांनी आयुष्यभर उकलला ते डॉ. रा. चिं. ढेरे आपल्या पुण्याचेच. त्यांच्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथाला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. हा देव मुळात गवळी-धनगरांचा, दक्षिणेशी जोडलेला, आणि यादव-होयसळांसारख्या गोपालक कुळांतून आलेल्या राजांनी त्याला वाढवलं, असं त्यांनी साधार मांडलं. महासमन्वय हा शब्द त्यांनी उगाच नाही निवडला.

हे सगळं आज कशाला उकरायचं? कारण मुख्य कथा अजून चालूच आहे. १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगावचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, आणि डिसेंबर २०२२ मध्ये पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळं फासलं गेलं. सीमाभागातल्या मराठी माणसाचं दुखणं खरं आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण हिंजवडीत माझ्या शेजारच्या डेस्कवर हुबळीचा मुलगा बसतो. त्याची आजी आषाढीला पंढरपूरला जाते आणि कन्नड अभंग म्हणते. बस काळी करून नेमकं कोणाला परकं ठरवायचं? आपण ज्याला तूप म्हणतो त्याला तो तुप्प म्हणतो. अण्णा आणि अक्का आपण दोघंही घरात रोज वापरतो.

दर आषाढीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात. त्या दिवशी हपीस लवकर सुटतं आणि आपण ट्रॅफिकच्या नावाने बोटं मोडतो. यातले लाखो लोक ज्या देवाकडे चालत जातात, त्याच्या देवळातल्या तुळईवर एका होयसळाचं कन्नड अक्षर आहे. दर्शनाला जाल तेव्हा मान वर करून बघा. सक्ती नाही. नाही बघितलं तरी दर्शन होतंच.

आणि ती भीमरथी म्हणजे आपली भीमाच. उगम भीमाशंकरला, पुणे जिल्ह्यात. आपल्या मुळा-मुठेचं पाणी रांजणगाव सांडसला तिला मिळतं. तिथून ती पंढरपूरला जाते, विठ्ठलाच्या पायाशी चंद्रकोरीसारखं वळण घेते, आणि पुढे सरळ कर्नाटकात शिरते. तिला सीमावाद कोणी सांगितलेला दिसत नाही.