लुडो किंग

नवी मुंबईच्या गेमेशन टेक्नॉलॉजीज या कंपनीने २०१६ साली आणलेला, पटावरच्या लुडोचा मोबाइल अवतार. भारतीय कंपनीने बनवलेल्या मोबाइल खेळांत १० कोटी डाउनलोडचा टप्पा सर्वांत आधी यानेच ओलांडला. पुढे हा आकडा ५० कोटींवर गेला.

पूर्वपीठिका : या खेळाचे मूळ सारीपाट आणि पचिसीत आहे. महाराष्ट्राला हा पट फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. वेरूळच्या २१व्या, म्हणजे रामेश्वर लेण्यात शिव-पार्वती द्यूत खेळताना कोरलेले आहेत. जेजुरीच्या खंडोबाच्या कथेत देव म्हाळसेशी सारीपाट खेळतो, पैज हरतो आणि बाणाईकडे चाकरीला जातो. पचिसीत फुलीच्या आकाराचा कापडी पट असे, कवड्या टाकून दान ठरे आणि समोरासमोरचे दोघे भिडू म्हणून खेळत. इंग्लंडमध्ये १८९६ साली लुडोचे पेटंट घेतले गेले, तेव्हा कवड्यांच्या जागी एकच घनाकृती फासा आला, पट चौकोनी झाला आणि नियम सोपे झाले. त्यात भिडूबरोबरची मसलत गेली, हे नुकसानच म्हणायला हवे. पण लहान मुलालाही पाच मिनिटांत कळेल असा खेळ हाती आला आणि याच रूपात तो पुठ्ठ्याच्या पटावरून भारतात घरोघरी पोहोचला.

निर्मिती : कंपनीचे संस्थापक विकास जयस्वाल मूळचे पाटण्याचे. मुंबईच्या इंडियागेम्समध्ये काम केल्यानंतर त्यांनी २०१० साली गेमेशन सुरू केली. लुडो किंगमध्ये चार रंग, प्रत्येकी चार सोंगट्या, सोंगटी सुटायला सहाचे दान, सोंगटी मारली की आणखी एक दान, ही सगळी चाल ओळखीचीच ठेवली. त्यामुळे आजीलाही तो शिकवावा लागला नाही. प्रसाराचे दुसरे कारण याहून महत्त्वाचे वाटते : इंटरनेट नसतानाही एकच फोन हातोहात फिरवून चौघांना खेळता येते. ज्या घरात एकच स्मार्टफोन, तिथेही त्यामुळे डाव मांडला गेला. खेळ फुकट आहे. उत्पन्न जाहिरातींतून आणि खेळातल्या खरेदीतून येते.

विस्तार : २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागू झाली आणि खेळाचे रूप पालटले. दूरदर्शनवर ‘रामायण’ पुन्हा सुरू झाले त्याच दिवसांत, एका गावचे आईवडील, दुसऱ्या शहरातली मुलगी आणि परदेशातला भाऊ खोलीचा संकेतांक पाठवून एका पटाभोवती जमू लागले. खेळणाऱ्यांची संख्या इतकी झपाट्याने वाढली की कंपनीला सर्व्हरची क्षमता वाढवावी लागली. त्याच वर्षी खेळता खेळता बोलण्याची सोय आली; पुढे पाच-सहा जणांचा पट आणि झटपट डावही आले. ॲपमध्ये सापशिडी आहेच. तिचा पूर्वज मोक्षपट परंपरेने संत ज्ञानदेवांशी जोडला जातो. याच कंपनीने कॅरम किंगही आणला.

फाशाबद्दलची शंका : फासा ठरवून पाडला जातो, ही खेळाडूंची नेहमीची तक्रार. दान यदृच्छेनेच पडते, असे कंपनी सांगते. गणितही इथे विचारात घ्यावे. प्रामाणिक फासा सलग १० वेळा टाकूनही एकदाही सहा न पडण्याची शक्यता सुमारे १६ टक्के असते, म्हणजे दर सहा खेळाडूंत साधारण एकजण बराच वेळ घरातच अडकून राहणार. लाखो डाव रोज होतात तिथे असे हिरमुसलेले खेळाडूही लाखांनी असणारच.

कायदा : पैसे लावून खेळायच्या लुडो ॲपचा प्रश्न वेगळा आहे. अशाच एका ॲपवरून लुडो हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा वाद २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयात गेला. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या सर्वच ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. बिनपैशाचा लुडो तिच्या कक्षेत येत नाही.