काजळीची कुळकथा

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरी अजून तांब्याचा बंब पेटतो. गॅस आला, गिझर आला; पण वर्षातला हा एक दिवस बंबाचा. त्याची काजळी बोटाला लागली की मला अण्णांची, माझ्या वडिलांची, आठवण होते. दिवसाला विडीचे एक बंडल ते सहज संपवीत, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून ते आणून देण्याचे काम माझे असे. आईने हटकले की हसून म्हणत, "अगं, माणसाच्या शरीरात अग्नी आहे. जाईल ते भस्म करतो तो!" पुढे फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांना नेले. ते वाक्य मात्र माझ्या मनातून जाईना. त्याच्या मागे लागून जे वाचले, त्याची ही कुळकथा.

ती सुरू होते लंडनच्या धुराड्यांत. अठराव्या शतकात तिथली अरुंद धुराडी झाडायला लहान लहान पोरे आत चढवीत. ही पोरे मोठी झाली की त्यांतल्या काहींना वृषणाच्या कातडीचा कर्करोग होई. १७७५ साली पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने त्याचे मूळ सांगितले: कातडीच्या घड्यांत साचणारी काजळी. पोरांना धुराड्यात चढवण्याची चाल खरोखर मोडली, ती १८७५ च्या कायद्याने. मध्ये पुरी शंभर वर्षे गेली!

पण काजळीत असे आहे तरी काय? टोकियोचे यामागिवा आणि त्यांचे सहकारी इचिकावा यांनी सशांच्या कानांना कोळशाचे डांबर चोळायला घेतले. महिनोन्महिने, न कंटाळता. १९१५ साली त्यांनी जाहीर केले की, नुसत्या डांबराने कर्करोग उत्पन्न होतो. मग लंडनमध्ये केनवे यांच्या सहकाऱ्यांनी डांबर आटवून उरलेला दोन टन गाळ घेतला, आणि १९३३ साली त्यातून थोडेसे पिवळसर स्फटिक वेगळे काढले. हेच बेन्झोपायरीन. पाच कड्या एकमेकींत गुंतवलेले हे द्रव्य लाकडाच्या धुरात आहे, आणि अण्णांच्या विडीतही होते.

इथे एक मोठे कोडे पडले. हे द्रव्य मुळात अगदी आळशी. पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, कुणाशी सहजी संयोग पावत नाही. मग ते पेशीचे वाटोळे करते कसे?

उत्तराची दिशा दाखवली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातील जेम्स आणि एलिझाबेथ मिलर या जोडप्याने. त्यांच्या दीर्घ संशोधनाचे सार असे की, कर्करोग उत्पन्न करणारी कित्येक द्रव्ये शरीरात शिरताना निरुपद्रवी असतात. त्यांना दात फुटतात ते शरीरात गेल्यावर!

याचे कारण शरीराची स्वच्छतेची आवड. स्निग्ध द्रव्य लघवीवाटे जात नाही. म्हणून यकृतातली, आणि फुप्फुसाच्या पेशींतलीही, सायटोक्रोम पी-४५० नावाची विकरे त्याला प्राणवायू चिकटवतात, म्हणजे ते पाण्यात विरघळावे आणि बाहेर पडावे. बहुतेक द्रव्य असे जातेही. पण थोड्या बेन्झोपायरीनला आधी प्राणवायू, मग पाणी, मग पुन्हा प्राणवायू असे मिळत जाऊन एक अत्यंत अस्वस्थ रूप तयार होते: डायॉल-इपॉक्साइड. १९७४ साली सिम्स, ग्रोव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते हुडकून काढले. ते पेशीच्या डीएनएतील ग्वानिन या अक्षराला जाऊन चिकटते. पेशी स्वतःची नक्कल करू लागली की तिथे वाचनात चूक होते.

शंकरानेच भस्मासुराला वर दिला आणि भस्मासुर त्याच्याच मस्तकावर हात ठेवायला धावला, तसेच हे नव्हे काय? आणि रोजच्या धुराने ही विकरे आणखी वाढतात. म्हणजे वर देणाऱ्यांचीच संख्या वाढते.

पेशीला बेबंद वाढू न देणारे पी-५३ नावाचे एक जनुक आहे. १९९६ साली कॅलिफोर्नियातील फायफर आणि त्यांचे सहकारी यांनी फुप्फुसाच्या पेशींना हे डायॉल-इपॉक्साइड दिले, तेव्हा ते त्या जनुकातील १५७, २४८ आणि २७३ या स्थानांवर विशेष चिकटले. फुप्फुसाच्या कर्करोगात वारंवार बिघडलेली आढळणारी स्थाने हीच! धूम्रपान आणि हा रोग यांचा संबंध डॉल आणि हिल यांनी १९५० सालीच रुग्णांना विचारून मांडला होता. आता धुराच्या बोटांचे ठसेही सापडले.

अण्णा अगदीच चुकले नव्हते. शरीरात अग्नी आहे खरा. पण काय जाळावे आणि कशाने आपण जळू, हे त्याला कळत नाही. ते माणसाने ठरवायचे. विडी सोडली की धोका वर्षांमागून वर्षे उतरत जातो, हेही तितकेच खरे. हे मला तेव्हा ठाऊक असते, तर बंडल आणायला मी गेलो असतो का? बहुधा गेलोच असतो. वडिलांना नाही म्हणण्याची ती वयेच नव्हती.

यंदा मी बंब न्हाणीघरातून उचलून उघड्या अंगणात मांडला आहे. नात त्याच्याजवळ बसायला धावते. मी तिला वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसवतो.