ओस पडलेल्या मेन स्ट्रीटची गोष्ट

आजच्या भागात आपण अमेरिकेला जाणार आहोत, पण न्यूयॉर्क, शिकागोला नाही. आपण जाणार आहोत मॅडिसन, गेल्सबर्ग आणि हॉट स्प्रिंग्ज नावाच्या तीन छोट्या गावांना. नावं ऐकली नसतील तर हरकत नाही, बऱ्याच अमेरिकन लोकांनीही ती ऐकलेली नाहीत. पण एक प्रश्न या तीन गावांनी फार नेटाने हाताळला. गावाची मुख्य बाजारपेठ डोळ्यांदेखत ओस पडायला लागली, तर तिला वाचवायचं कुणी? सरकारनं? एखाद्या बड्या शेठनं? की ज्यांची ती पेठ आहे त्या माणसांनीच, आपापला धंदा-नोकरी सांभाळून?

आधी मेन स्ट्रीट म्हणजे काय ते बघू. प्रत्येक अमेरिकन गावात एक मुख्य रस्ता असतो. दोन्ही बाजूंना विटांच्या दोन-तीन मजली इमारती, खाली दुकानं, वर वकिलाचं ऑफिस, दातांचा डॉक्टर, नाहीतर कुणाचं बिऱ्हाड. मध्ये बँक, पोस्ट, कोर्ट आणि एखादं थिएटर. म्हणजे आपली पेठच म्हणा ना. या रस्त्याबद्दल अमेरिकेच्या मनात कायम दोन भावना राहिल्या. सिंक्लेअर लुईसने १९२० मध्ये 'मेन स्ट्रीट' नावाची कादंबरी लिहिली. तिची नायिका कॅरल लग्न करून एका छोट्या गावात येते आणि ते गाव सुधारायला निघते, पण गाव काही सुधारून घेत नाही. तेव्हापासून 'मेन स्ट्रीट' म्हणजे कोत्या मनाचं गाव, असा टोमणाच झाला. पुढे १९५५ मध्ये डिस्नीलँड उघडलं आणि त्यात शिरल्या शिरल्या लागतो तो रस्ता कुठला? 'मेन स्ट्रीट, यूएसए'. मला यातली गंमत अशी वाटते, की नकली मेन स्ट्रीट बघायला लोक तिकीट काढून जायला लागले, त्याच सुमारास खऱ्या मेन स्ट्रीटवरचं गिऱ्हाईक कमी व्हायला लागलं होतं.

का कमी झालं? तारखा नुसत्या ओळीने लावल्या तरी कळतं. १९५६ मध्ये हायवेचा कायदा आला आणि देशभर ४१,००० मैलांचं महामार्गांचं जाळं विणायचं ठरलं. त्याच वर्षी मिनेसोटातल्या इडायना इथे साउथडेल हा पहिला पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल उघडला. १९६२ या एकाच वर्षात वॉलमार्ट, केमार्ट आणि टार्गेट या तिन्हींची पहिली दुकानं सुरू झाली. गावाबाहेर जमीन स्वस्त, गाडी लावायला फुकट जागा, एकाच छताखाली सगळं. मग पेठेत कोण येणार? आधी मोठं कापडाचं दुकान जातं, मग चपलांचं, मग थिएटर. वरचे मजले रिकामे पडतात. मालक दुसऱ्या शहरात राहायला गेलेला असतो, तो गळकं छप्पर दुरुस्त करत नाही. एक गाळा बंद पडला की शेजारच्याचंही गिऱ्हाईक तुटतं. हे दुखणं एकदा सुरू झालं की स्वतःच वाढत जातं.

बरं, उपाय झाले नाहीत का? झाले की! पण बरेचसे रोगापेक्षा भयंकर. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यापासून 'अर्बन रिन्यूअल'साठी केंद्राचा पैसा मिळायला लागला. त्या पैशातून जुन्या इमारती पाडायच्या, जागा मोकळी करायची आणि नवं काहीतरी उभं राहील म्हणून वाट बघायची. पुष्कळ ठिकाणी उभं राहिलं ते फक्त पार्किंग. दुसरा उपाय म्हणजे मॉलची नक्कल. मिशिगनमधल्या कॅलमझूने १९५९ मध्ये बाजारातला रस्ताच गाड्यांना बंद केला आणि तो पायी चालणाऱ्यांना दिला. त्याची नक्कल पुढे अनेक गावांनी केली आणि त्यातल्या बहुतेकांनी काही वर्षांनी रस्ता परत उघडला. तिसरा उपाय सगळ्यात सोपा होता. जुन्या विटांच्या आणि कोरीव दगडाच्या दर्शनी भागावर ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकायचे, म्हणजे दुकान 'मॉडर्न' दिसतं!

मॉलच्या दिसण्याची नक्कल सगळ्यांनी केली. पण मॉल चालतो तो दिसण्यामुळे नाही, एकहाती कारभारामुळे. कुठलं दुकान कुठे असेल, किती वाजता उघडेल, जाहिरात कधी करायची, झाडू कोण मारणार, हे सगळं एक ऑफिस ठरवतं. पेठेत शंभर मालक आणि शंभर तऱ्हा. एकाचं दुकान पाचला बंद, दुसऱ्याचं आठला, तिसऱ्याचा पत्ताच नाही. तेव्हा मॉलकडून घ्यायचंच असेल तर त्याचे पत्रे नकोत, त्याची व्यवस्था घ्या. हे ज्यांना उमगलं, त्यांच्यापासून आपली खरी गोष्ट सुरू होते.

तसं बघितलं तर गावकऱ्यांनी एकत्र येऊन गाव नीट करायची कल्पना जुनी आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या स्टॉकब्रिजला १८५३ मध्ये मेरी हॉपकिन्स या बाईंनी पुढाकार घेऊन 'लॉरेल हिल असोसिएशन' काढली. झाडं लावा, रस्ते आणि स्मशानभूमी नीटनेटकी ठेवा, असं तिचं काम. तशा ग्रामसुधार मंडळ्या मग गावोगावी निघाल्या. इंग्लंडमध्ये नॉरिच शहराच्या मॅग्डालेन स्ट्रीटवर १९५९ मध्ये दुकानदारांनी एकाच योजनेखाली आपापली दुकानं रंगवली, पाट्या बदलल्या, आणि तेवढ्यानं रस्त्याची कळा पालटली. आणि न्यूयॉर्क राज्यातलं कॉर्निंग, ते काचेच्या कारखान्याचं गाव. तिथे जून १९७२ मध्ये ॲग्नेस वादळाचा महापूर आला आणि मार्केट स्ट्रीट पाण्याखाली गेला. चिखल उपसल्यावर प्रश्न आला, की आता पाडायचं की सावरायचं? गावाने सावरायचं ठरवलं. रस्त्याच्या कामासाठी एक स्वतंत्र संस्था काढली आणि नॉर्मन मिन्ट्झ या तरुणाला पगारी नेमलं. तो दुकानदारांकडे जाऊन पाटी कशी असावी, रंग कुठला लावावा, पत्रे काढले तर खाली काय निघेल, हे फुकट सांगायचा. सक्ती नाही, दंड नाही, नुसतं समजावणं.

आता येऊ मूळ प्रयोगावर. 'नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन' ही १९४९ मध्ये स्थापन झालेली, जुन्या वास्तू जपणारी संस्था. तिच्या शिकागोतल्या मिडवेस्ट कार्यालयाच्या प्रमुख होत्या मेरी मीन्स. छोट्या गावांतल्या सुंदर इमारती एकामागून एक पडताना त्या बघत होत्या. त्यांच्या लक्षात आलं, की नुसतं 'ही इमारत ऐतिहासिक आहे हो' म्हणून काही होत नाही. इमारतीत धंदा चालला तरच इमारत टिकते. म्हणून १९७७ मध्ये त्यांनी मेन स्ट्रीट प्रकल्प सुरू केला. सत्तरच्या आसपास गावांनी अर्ज केले, त्यातून तीन निवडली. तीन वर्षं, आणि प्रत्येक गावात एक पूर्णवेळ मॅनेजर. तो तिथेच राहणार आणि तिथलाच होणार.

पहिलं इंडियानातलं मॅडिसन. ओहायो नदीकाठचं हे बंदर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चांगलंच श्रीमंत होतं. पुढे रेल्वेचे मोठे मार्ग दुसरीकडून गेले आणि गावाची वाढ थांबली. पण त्यामुळेच जुन्या इमारती वाचल्या, पाडून नव्या बांधायला पैसाच नव्हता! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सरकारला 'नमुनेदार अमेरिकन गाव' जगाला दाखवायचं होतं, तेव्हा दिग्दर्शक योसेफ फॉन स्टर्नबर्गने 'द टाउन' हा माहितीपट इथेच केला. पुढे नव्या वस्त्या आणि नवी दुकानं वरच्या टेकडीवर गेली आणि खालचं जुनं गाव सुनं पडायला लागलं. जमेची बाजू अशी, की १९६० पासून 'हिस्टॉरिक मॅडिसन' ही स्थानिकांची संस्था तिथे काम करत होती. जमीन आधीच नांगरलेली होती.

दुसरं इलिनॉयमधलं गेल्सबर्ग. रेल्वेचं गाव, कवी कार्ल सँडबर्गचं जन्मगाव. लिंकन आणि डग्लस यांच्या १८५८ मधल्या गाजलेल्या वादसभांपैकी एक इथल्या नॉक्स कॉलेजच्या आवारात झाली. तिघांत हेच मोठं. सत्तरच्या दशकात गावाच्या कडेला मॉल उभा राहिला, आणि त्याला नाव दिलं सँडबर्गचं. म्हणजे गावचा कवीसुद्धा पेठेतून उचलून मॉलमध्ये नेला.

तिसरं साउथ डकोटातलं हॉट स्प्रिंग्ज. हा सगळा मुलूख मुळात लाकोटा लोकांचा. १८९० च्या आसपास गरम झऱ्यांवर हवापालटाचं गाव वसलं, स्थानिक गुलाबीसर वालुकाश्मात सुंदर इमारती उठल्या. मग झऱ्यांवर स्नानाला जायची पद्धत मागे पडली. उरल्या इमारती आणि काही हजार माणसं.

या गावांत केलं काय? सांगायला गेलं तर अगदी साधं. कामाचे चार भाग पाडले. पहिला संघटन: दुकानदार, बँकवाले, नगरपालिका, घरमालक आणि सामान्य रहिवासी यांना एका टेबलाशी बसवायचं. दुसरा प्रसिद्धी: सण, मिरवणुका, शनिवारचा बाजार, म्हणजे पाय परत पेठेकडे वळतील. तिसरा रचना: पत्रे काढा, खिडक्या उघडा, पाट्या नीट करा. चौथा आर्थिक फेरमांडणी: कुठला गाळा रिकामा आहे, गावात काय मिळत नाही, ते कोण विकू शकेल. पुढे ही चतुःसूत्री ठरून गेली. प्रत्येक भागाला एक समिती, आणि समितीत बसणारे सगळे स्वयंसेवक. पगारी माणूस बहुधा एकच.

हे 'स्वयंसेवक' म्हणजे कोण, हे नीट बघायला हवं. आपल्याकडे श्रमदान म्हटलं की घमेली आणि फावडी डोळ्यांसमोर येतात. इथे तेही होतं, रंगाचे ब्रश आणि झाडू होतेच. पण जास्त काम दिसत नाही असं असतं. प्रत्येक इमारतीची नोंद करायची: मालक कोण, भाडं किती, छप्पर कसं, वर काय आहे. परगावी राहणाऱ्या मालकाला पुन्हा पुन्हा पत्र घालायचं. बँकेला पटवून दुरुस्तीसाठी कमी व्याजाचं कर्ज काढून द्यायचं. आणि पार्किंगचं भांडण! 'गाडी लावायला जागा नाही' ही पेठेची जुनी तक्रार. मोजायला बसलं की पुष्कळदा असं निघतं, की दुकानासमोरच्या जागा दुकानदारांनी आणि त्यांच्या नोकरांनीच सकाळपासून अडवलेल्या असतात. हे शेजाऱ्याला तोंडावर सांगणं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडूनच वर्गणी मागणं, हे खरं स्वयंसेवकाचं काम. सरकारी अधिकाऱ्याला ते जमत नाही, कारण त्याला तिथे पुढची वीस वर्षं राहायचं नसतं.

तीन वर्षांनी हिशेब मांडला. गाळे भरले, नवी दुकानं आली. नॅशनल ट्रस्टच्या हिशेबाप्रमाणे पेठेच्या व्यवस्थापनावर खर्च झालेल्या दर डॉलरमागे खासगी मालकांनी ११ डॉलर इमारतींत घातले. आता संस्था आपला हिशेब मांडताना हात सैलच सोडते, हे धरून चाला. तरी १९८० मध्ये नॅशनल मेन स्ट्रीट सेंटर उभं राहिलं, सहा राज्यांतल्या तीस गावांत काम सुरू झालं, आणि आजवर २,००० हून जास्त गावांनी ही पद्धत वापरली. यात करसवलतीचाही वाटा आहे. जुनी व्यापारी इमारत दुरुस्त केली तर कर कमी, ही सोय १९७६ पासून होती आणि १९८१ मध्ये ती चांगलीच वाढवली. म्हणजे स्वयंसेवकांनी गाडा ओढला हे खरं, पण चाकाला वंगण कायद्याचंही होतं.

आता कडू भाग. गेल्सबर्गमध्ये मेटॅग कंपनीचा फ्रिजचा मोठा कारखाना होता. २००४ मध्ये तो बंद झाला, काम मेक्सिकोला गेलं, सुमारे १,६०० नोकऱ्या गेल्या. त्याच वर्षी बराक ओबामांनी ज्या भाषणाने नाव कमावलं, त्यात या कामगारांचा उल्लेख होता. तुम्ही पाटी कितीही सुंदर रंगवा, ज्याचा पगारच गेला तो पेठेत येऊन काय घेणार? पेठ गावाच्या कमाईवर जगते, आणि ती कमाई समितीच्या हातात नसते. हे म्हणजे चतुःसूत्री खोटी असं नाही. तिच्या आवाक्याला कुठे कुंपण पडतं, ते यातून कळतं.

दुसरी अडचण माणसांची. फुकटचं काम करायला सवड कुणाला असते? ज्याचं दुकान बरं चाललंय त्याला, निवृत्त माणसाला, जुन्या घराण्यातल्याला. दोन पाळ्यांत राबणारी बाई संध्याकाळी सहाच्या मीटिंगला येऊ शकत नाही. मग पेठ कुणाला आवडेल अशी सजते? जे मीटिंगला येतात त्यांना. आणि पेठ सजली की भाडं वाढतं. मग चपला दुरुस्त करणारा जातो आणि तिथे अँटिकचं दुकान येतं. शिवाय तीच दहा माणसं दहा वर्षं राबून थकतात, आणि अकरावा येत नाही. ज्या गावांनी याचा आधीच विचार केला, नवी माणसं ओढत राहिली, त्यांचं काम टिकलं. बाकीच्यांकडे उत्साहाची एक पिढी झाली आणि संपली.

तरीही एक गोष्ट मला या प्रयोगात फार मोलाची वाटते. वाचवायचंय म्हणून पाडणं, किंवा वाचवायचंय म्हणून काचेच्या पेटीत ठेवणं, हे दोन्ही रस्ते या लोकांनी नाकारले. मॅडिसनचा जुना भाग २००६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरला, पण तिथे आजही दुकानं चालतात, वर माणसं राहतात. आणि तो सँडबर्गच्या नावाचा मॉल? तो एकेक दुकान गमावत गेल्या काही वर्षांत बंदच पडला. मेन स्ट्रीट अजून आहे. फार झगमगाट नसेल, पण आहे. मॉलला एक मालक होता, त्याचं मन उडालं आणि संपलं. रस्त्याला शंभर मालक होते. जी अडचण म्हणून सुरुवातीला सांगितली, तीच शेवटी त्याची ताकद ठरली, कारण शंभर जण एकाच दिवशी हात झटकून निघून जात नाहीत.

तर मंडळी, तुमच्या गावातल्या पेठेत आज किती गाळे बंद आहेत? एकदा सहज चालत जाऊन मोजा, आणि वरचे मजले बघायला विसरू नका. आकडा काय निघतो ते मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.