महिनाभर कोंडलेली माती

निफाडच्या द्राक्षबागेतली माती परीक्षणाला गेली की नत्र, स्फुरद, पालाश एवढंच विचारलं जातं. तिचा किरणोत्सार मोजायचा असेल तर ती वाळवून, चाळून, हवाबंद डब्यात महिनाभर ठेवावी लागते. मातीतल्या युरेनियमपासून पिढ्यापिढ्यांनी रेडियम होतं आणि रेडियमपासून रेडॉन. हा वायू 3.8 दिवसांत निम्मा होतो आणि उघड्या मातीतून निसटतो. त्याला कोंडून त्याची पुढची पिढी रेडियमच्या बरोबरीला आली, की मगच मोजणी भरवशाची.

हे घराणं उलगडू लागलं ते बेकरेल यांनी 1896 मध्ये लावलेल्या किरणोत्साराच्या शोधानंतर. मुंबई इलाख्यात मोजणी झाली ती गरम पाण्याच्या झऱ्यांची. सेंट झेवियर कॉलेजातले जेझुइट फादर स्टायखेन यांनी पंचमहालातल्या तुवा इथल्या झऱ्यांवर काम केलं, त्यावरचा त्यांचा लेख 1916 मध्ये छापून आला. रेडियमला तेव्हा औषध मानत. आज आपण जिथे धास्तीनं मोजतो, तिथे त्या काळी आशा होती.

मातीची पाळी आली ती भौतिकशास्त्रज्ञ हॉफस्टॅटर यांच्या 1948 च्या सोडियम आयोडाइड स्फटिकामुळे. गॅमा किरण आदळला की तो लुकलुकतो आणि त्या उजेडावरून किरणाची ऊर्जा कळते. 1460 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला पोटॅशियम, 1764 ला युरेनियमचं घराणं, 2614 ला थोरियमचं. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले मिश्रा आणि सदाशिवन यांनी 1971 मध्ये भारतीय मातींमधल्या या किरणोत्साराचे आकडे प्रसिद्ध केले.

नाशिकची काळी माती ज्या कातळाची झाली, तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. ग्रॅनाइटच्या मानानं त्यात युरेनियम, थोरियम फारच थोडं. केरळच्या मोनाझाइटच्या वाळूपुढे तर ते नगण्यच, आणि तिथल्या करुनागपल्लीत हजारो माणसांचा माग ठेवून 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही जादा कर्करोग आढळला नव्हता. धोक्याचा विचार करायचाच तर तो बंद, हवा न खेळणाऱ्या खोलीत साठणाऱ्या रेडॉनचा करावा. रेडॉननं फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे सिद्ध आहे.

मातीच्या किरणोत्साराच्या अहवालात किलोमागे 370 बेकरेल (सेकंदाला तेवढी अणुविघटनं) ही मर्यादा हमखास दिसते. ती मुळात घरबांधणीच्या साहित्यासाठी बेतलेली. शेताला तीच लावून ‘सुरक्षित’ असा शिक्का मारणं मला पटत नाही, कारण बागेचा प्रश्नच निराळा आहे. किलोभर पालाश खतात पोटॅशियममुळे सुमारे 15,000 बेकरेल असतात. त्याची चिंता नको, शरीर पोटॅशियम मापातच ठेवतं. पण स्फुरद खताच्या खडकाबरोबर युरेनियमही रानात येतं आणि वर्षानुवर्षं थोडं थोडं साठू शकतं. मूळ मातीत युरेनियम इतकं कमी असेल तर ही भर आकड्यांत लवकर उमटेल. नाशिकमध्ये मोजायचं ते यासाठी.

त्याकरता एक नमुना बागेतला घ्यावा, दुसरा बांधापलीकडच्या, कधीच खत न पडलेल्या पडीक जागेतला. खोली तीच, कातळ तोच. आणि दोन्ही डबे एकाच दिवशी बंद करावेत.