अकोला करार आणि आपण

माझा बाप अडाणी. त्याला मुंबई काय, नागपूर काय. गावचा पाटील हेच सरकार. म्हणून ८ ऑगस्ट १९४७चा अकोला करार वर्गात शिकवताना मी अडखळतो. महाविदर्भ व पश्चिम महाराष्ट्र असे दोन उपप्रांत त्यात ठरले, गावकुसाबाहेरच्यांचे काय?

अमेरिकेत घटकराज्यांच्या हक्कांआड गुलामगिरी १८६५पर्यंत टिकली. तिथली राज्ये आपल्याच नागरिकांना झुकते माप देतात, हे दाखवून बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत एकच नागरिकत्व उचलून धरले. खेड्याच्या संकुचितपणावरही कोरडे ओढले. तरी १९५५ साली मराठी मुलखाची चार राज्ये त्यांनीच सुचवली, एक विदर्भ. ही विसंगती नव्हे. राज्य मोठे, तितका अल्पसंख्य दुबळा, हा त्यांचा हिशेब होता. १९६० साली राज्य एकच झाले.