हिरा, ध्वनी आणि तीन आकडे

१/ हिरा अत्यंत कठीण असतो, हे सर्वज्ञात आहे. परंतु तो किती ताठर आहे, म्हणजे दाबल्यास वा पिळल्यास किती बधतो, हे मोजायचे कसे? तार ताणून पाहता येते, नखाएवढा हिरा नाही. १९४६ साली दोन भारतीय भौतिकशास्त्रज्ञांनी याचे उत्तर ध्वनीच्या साहाय्याने दिले. त्या उत्तराची आणि त्याच्या पुढील प्रवासाची ही हकीकत. #थ्रेड

२/ तत्त्व सोपे आहे. ध्वनी म्हणजे पदार्थातून पुढे सरकणारी हालचाल. एकाच घनतेच्या दोन पदार्थांपैकी अधिक ताठर पदार्थात तो अधिक वेगाने धावतो. घनतेला वेगाच्या वर्गाने गुणले की स्थितिस्थापकतेचा आकडा मिळतो. पोलादात हा वेग सेकंदाला सुमारे ६ किमी, तर हिऱ्यात १७ किमीहून अधिक असतो.

३/ अडचण आकाराची होती. सेकंदाला १००० कंपने असलेल्या स्वराची हिऱ्यातील तरंगलांबी सुमारे १७ मीटर भरते! लहानशा खड्यासाठी लाखो कंपनांचा, कानाला ऐकू न येणारा श्राव्यातीत ध्वनी, म्हणजेच अल्ट्रासाऊंड हवा. त्याची सोय क्वार्ट्झच्या स्फटिकाने केली.

४/ काही स्फटिक दाबले असता त्यांवर विद्युत्‌भार निर्माण होतो, हे झाक आणि पिअर क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवले होते. याच्या उलट, विद्युत्‌दाब दिल्यास असा स्फटिक कंप पावतो. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झचा असाच उपयोग केला. युद्धासाठी घडलेले साधन पुढे प्रयोगशाळेत आले.

५/ १९३२ मध्ये अमेरिकेत डिबाय व सिअर्स आणि फ्रान्समध्ये ल्यूका व बिकार यांना आढळले की, श्राव्यातीत ध्वनी वाहत असलेल्या द्रवातून प्रकाश गेला की त्याचे विवर्तन होते. ध्वनी जणू डोळ्यांना दिसू लागला. या आविष्काराची गणिती उपपत्ती १९३५-३६ मध्ये बंगळूरमध्ये चंद्रशेखर वेंकट रामन आणि नागेंद्र नाथ यांनी मांडली.

६/ रामन यांचे शिष्य सूरी भगवंतम आंध्र विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांनी जे. भीमसेनाचार यांच्यासह क्वार्ट्झच्या पाचरीची पद्धत विकसित केली. पाचरीची जाडी सलग बदलत जाते. त्यामुळे एकाच पाचरीतून हव्या त्या कंप्रतेचा ध्वनी मिळतो.

७/ हा ध्वनी स्फटिकाच्या चकतीतून पलीकडील द्रवात जातो. चकतीच्या जाडीत अर्ध्या तरंगलांब्या पूर्ण संख्येने बसल्या की सर्वाधिक ध्वनी पार होतो आणि द्रवातील विवर्तन ठळक दिसते. जाडी आणि कंप्रता ठाऊक असल्याने वेग काढता येतो.

८/ घनाकृती सममितीच्या स्फटिकाला तीन स्थितिस्थापक स्थिरांक असतात. १९४६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात भगवंतम व भीमसेनाचार यांनी हिऱ्याचे तिन्ही स्थिरांक प्रसिद्ध केले. आजच्या एककात ते ९५०, ३९० आणि ४३० गिगापास्कल होतात.

९/ या आकड्यांना वेगळेच महत्त्व होते. स्फटिकातील अणूंच्या कंपनांविषयी रामन आणि माक्स बॉर्न यांच्यात तीव्र मतभेद होते आणि हिरा हे त्या वादाचे रणक्षेत्र होते. हेच बॉर्न १९३५-३६ मध्ये रामन यांच्या निमंत्रणावरून बंगळूरला येऊन राहिले होते.

१०/ बॉर्न यांच्या हिऱ्याविषयीच्या जुन्या सिद्धांतानुसार या तीन स्थिरांकांचे एक विशिष्ट गुणोत्तर १ यायला हवे. भगवंतम यांच्या आकड्यांवरून ते १.१० येते. म्हणजे रामन यांच्याच शिष्याचे मोजमाप प्रतिपक्षाच्या सूत्राच्या बरेच जवळ गेले.

११/ १९५७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅकस्किमिन आणि बाँड यांनी श्राव्यातीत ध्वनीचे स्पंद वापरून पुन्हा मोजणी केली. उत्तर आले १०७६, १२५ आणि ५७६. दुसरा स्थिरांक तिपटीहून अधिक घटला. गुणोत्तर आता १.४९ झाले आणि सूत्राशी असलेला मेळ मोडला.

१२/ फरक दुसऱ्याच स्थिरांकात एवढा का? पहिला आणि तिसरा एकेका वेगातून थेट मिळतात. दुसरा मात्र तिरप्या दिशेच्या वेगातून इतर आकडे वजा करून काढावा लागतो. मोठ्या संख्यांच्या वजाबाकीतून लहान संख्या उरते, तेव्हा मोजणीतल्या साऱ्या चुका तिच्यावर येऊन पडतात.

१३/ मग रामन जिंकले का? नाही. मोडले ते केवळ नजीकच्या अणूंमधील बले धरणारे सोपे सूत्र. स्फटिककंपनांची बॉर्न यांची मूळ मांडणी पुढे न्यूट्रॉनच्या प्रयोगांतही टिकली.

१४/ या प्रकरणाचा इतिहासाच्या अभ्यासकाला धडा असा: सिद्धांताशी जुळणे हा मोजमाप अचूक असल्याचा पुरावा नव्हे. भगवंतम यांनी गुरूच्या बाजूकडे न पाहता हाती आलेले आकडे छापले, हा त्यांचा प्रामाणिकपणा. ते आकडे पुढे बदलले, हेही विज्ञानाच्या रीतीला धरूनच झाले. मात्र ते बदलणारे साधनही श्राव्यातीत ध्वनीच होते.